पासंग

किराणा दुकानात दोन पारड्यांचा तराजू टांगलेला असे, त्या काळात गिऱ्हाइके दोन प्रकारची असत. वाण्याशी गप्पा मारत काट्याकडे पाठ करून उभी राहणारी एक, आणि माल घालण्यापूर्वी ‘आधी रिकामा धरा’ म्हणणारी दुसरी. रिकामा तराजू उचलला की दोन्ही पारडी समान राहायला हवीत. एखादे पारडे किंचित खाली गेलेच, तर वाणी दुसऱ्या बाजूला एखादा खडा, चिंचोका किंवा लोखंडाचा तुकडा बांधून बरोबरी साधे. त्या तुकड्याला पासंग म्हणत. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण अजून म्हणतो. म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी खरा पासंग पाहिला असेल, याची मात्र शंकाच आहे.

पासंग त्या एका तराजूपुरताच असतो, हे विसरून चालत नाही. पारडे बदलले, साखळी बदलली, दांडीला गंज चढला, की कालचा पासंग आज खोटा ठरतो. वजनांवर सरकारी शिक्का आहे, वाणी सचोटीचा आहे, माल चोख आहे, तरीही माप चुकते. आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण काटा काहीतरी दाखवत असतो. काट्याने काही दाखवले की माणसाचे समाधान होते.

आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत आकड्यांच्या संगतीत गेल्यामुळे असेल, पण आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही यंत्रासमोर माझे पाय थबकतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात लेकीकडे चार महिने राहिलो, तेव्हा या पासंगाचा एक नवाच अवतार मला भेटला. लेकीच्या शेजारी टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. उंच, कृश, मितभाषी, आणि हातात सदैव काहीतरी उघडलेले यंत्र. आपल्याकडे त्यांना सगळ्यांनी नाना म्हटले असते, म्हणून मीही येथे नानाच म्हणतो. त्यांचा छंद होता धातुशोधक यंत्र घेऊन हिंडण्याचा. जुन्या शाळांची मैदाने, मोडकळीला आलेली शेतघरे, तलावाकाठची वाळू अशा ठिकाणी परवानगी काढून ते जात, आणि पन्नास-शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या तरी खिशातून पडलेली नाणी शोधत.

मेटल डिटेक्टर म्हटले की आपल्याला मोठ्या देवळाच्या दारातली चौकट किंवा पोलिसाच्या हातातली दांडी आठवते. ती यंत्रे ‘काहीतरी आहे’ एवढेच ओरडून सांगतात. नानांचे यंत्र ‘काय असावे’ त्याचाही अंदाज देई. एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, वरच्या टोकाशी एक पेटी आणि पेटीवर एक आकडा. जुन्या यंत्रांत आकड्याच्या जागी घड्याळासारखा काटा असे. असे ओळख सांगणारे मीटर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या यंत्रांवर आले आणि छंदाचे स्वरूपच बदलले. तोवर प्रत्येक आवाजाला खणावे लागे. आता आकडा पाहून ‘खणू की पुढे जाऊ’ हे ठरवता येऊ लागले.

हा आकडा येतो कुठून, हे नानांनी मला दोन संध्याकाळी बसून समजावले. खालच्या तबकडीला ते कॉइल म्हणत. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडतात. हे वेटोळे बोलणारे. दुसरे नुसते ऐकणारे. दोन्ही अशा बेताने एकमेकांवर बसवलेली असतात, की जवळपास धातू नसेल तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत जवळजवळ पोचूच नये. म्हणजे रिकाम्या तराजूची दोन पारडी समान! तबकडीखाली धातूची वस्तू आली, की त्या वस्तूत पाण्यातल्या भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तोल बिघडतो. यंत्र ओरडते ते त्यामुळे.

पण नुसत्या ओरडण्याने ओळख पटत नाही. त्यासाठी यंत्र वस्तूचे उत्तर किती उशिरा आले ते पाहते. चांदीच्या जाड नाण्यात फिरू लागलेला प्रवाह लवकर विझत नाही, म्हणून त्याचे उत्तर बरेच मागे रेंगाळते. चॉकलेटवरच्या वर्खात तो लागलीच विझतो. उत्तर थोडेसेच मागे राहते. लोखंड मुळातच चुंबकाला ओढणारे, त्यामुळे त्याची तऱ्हा निराळी. या उशिराच्या मापाला आकड्याचे रूप दिले, की झाले मीटर. ओरेगन राज्यातल्या व्हाइट्स या कंपनीच्या (२०२० साली ती बंद झाली) अनेक यंत्रांवर उणे ९५ पासून अधिक ९५ पर्यंत मापे होती. लोखंड शून्याखाली, वर्ख शून्याच्या थोडा वर, अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे विसाच्या आसपास आणि पाव डॉलरचे जुने चांदीचे नाणे ऐंशीच्या पुढे. गॅरेट या दुसऱ्या कंपनीच्या एका लोकप्रिय यंत्रावर तेच पाच सेंटचे नाणे बावन्नच्या आसपास दिसते. नाणे एकच, एका घरी ते वीस, दुसऱ्या घरी बावन्न. तेव्हा हा आकडा म्हणजे काही त्या नाण्याच्या अंगावर कोरलेला गुण नव्हे. तो त्या यंत्राने त्याच्यासाठी ठरवलेला पत्ता आहे.

नाण्यांचा विषय निघाल्यावर माझ्यातला बँकवाला गप्प बसणे शक्य नव्हते. सरकार नाण्यावरचा मजकूर ठेवते आणि आतला धातू बदलते, ही जगभरची रीत. आपला रुपया १९५० साली निकेलचा होता, १९७५ साली तांबे-निकेलच्या मिश्रणाचा झाला आणि १९९२ साली पोलादाचा. अमेरिकेच्या डाइम आणि क्वार्टर या नाण्यांत १९६४ पर्यंत नव्वद टक्के चांदी होती. तिथला एक सेंट १९८२ पर्यंत बहुतांश तांब्याचा होता. त्या वर्षात तो तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा झाला. बँकेच्या खिडकीवर दोन्ही सेंट सारखेच. मीटरवर मात्र जस्ताचा सेंट तांब्याच्या सेंटपेक्षा खालच्या आकड्यावर उतरतो. मला याची मोठी मौज वाटली. रोखपालाला जे दिसत नाही ते यंत्राला जमिनीखालून दिसते!

‘म्हणजे हे धातू ओळखते,’ मी म्हणालो. नाना हसले आणि त्यांनी तांब्याच्या तारेची एक अंगठी वळली. टोके जुळवून सोल्डर केली आणि कॉइलसमोर धरली. आकडा चांगला वर गेला. मग पक्कडीने अंगठी एका जागी कापली आणि पुन्हा धरली. आकडा धाडकन खाली आला. तांबे तेच, वजन तेच, आकार तोच. फक्त प्रवाहाला गोल फिरायची वाट तुटली. धातू, जाडी, आकार, तुकडा अखंड आहे की तुटका, तो आडवा पडला आहे की कडेवर उभा, या साऱ्यांची बेरीज त्या एका आकड्यात असते. सर्वांत मोठी पंचाईत सोन्याची. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पूर्वी ओढली की तुटून हातात येई आणि लोक ती तिथेच टाकत. १९७५ नंतर डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली, पण आधीच्या लाखो कड्या अजून अमेरिकेच्या मातीत आहेत. आणि नेमके त्यांचे आकडे व सोन्याच्या अंगठ्यांचे आकडे एकाच पट्टीत येतात. कचरा टाळायला जो निघाला, त्याने सोनेही टाळलेच म्हणून समजावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नानांकडे एका यंत्राला तीन कॉइल होत्या. एक नेहमीची दहा इंची. एक मोठी, मोकळ्या शेतात खोलवरचे शोधण्यासाठी. आणि एक सहा इंची, कचऱ्याने भरलेल्या जागेसाठी. मोठ्या तबकडीखाली एकाच वेळी तीन वस्तू आल्या तर तिघींची मिळून एक खिचडी ऐकू येते. लहान तबकडी त्यांना वेगवेगळे करते, पण तेवढी खोल जात नाही. शिवाय आतल्या वेटोळ्यांच्या मांडणीतही प्रकार असतात. एकात वेटोळी एकात एक अशी गोल बसवलेली असतात. दुसऱ्यात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. लोहयुक्त मातीत दुसरा प्रकार अधिक सरस ठरतो.

कॉइल बदलायला दोन मिनिटे लागतात. एक बोल्ट काढायचा, एक वायर बसवायची. पण प्रत्येक कॉइलच्या तारेची लांबी, वेढ्यांची संख्या, दोन वेटोळ्यांमधला तोल यांत थोडथोडा फरक असतो. उत्तर किती उशिरा आले याचा हिशेब कारखान्यात एका विशिष्ट कॉइलसाठी बसवलेला. कॉइल बदलली की त्या हिशेबात सूक्ष्म फरक पडतो आणि आकडे दोन-चार घरांनी सरकतात. वरच्या टोकाला, चांदीच्या वस्तीत, हे सरकणे चालून जाते. खाली, जिथे वर्ख, कडी, बारीक सोने आणि पाच सेंटचे नाणे दाटीवाटीने राहतात, तिथे दोन घरे म्हणजे शेजाऱ्याचे दार. मायनलॅब या कंपनीच्या एक्स-टेरा मालिकेतील काही यंत्रांत तर कॉइल बदलली की आतल्या प्रवाहाची गतीच बदलते. एक कॉइल सेकंदाला तीन हजार आवर्तनांची, दुसरी साडेसात हजारांची, तिसरी पावणेएकोणीस हजारांची. गती वाढली की उशिराचे गणित नव्याने मांडावे लागते.

म्हणून नाना कॉइल बदलली की एक विधी करत. विधीच म्हणतो, कारण त्यात पूजेइतकाच क्रम होता. यंत्र चालू करून काही मिनिटे स्वस्थ ठेवायचे. मग घरापासून, विजेच्या तारांपासून दूर जायचे. सिमेंटच्या फरशीवर कधीच नाही, कारण तिच्या पोटात सळया असतात. आधी कॉइल हवेत धरून ओळखीच्या वस्तू तिच्यासमोरून ठरावीक अंतरावरून न्यायच्या. पाच सेंटचे नाणे, जस्ताचा सेंट, तांब्याचा सेंट, चांदीचा डाइम, एक कडी, एक खिळा. प्रत्येकाचा आकडा वहीत. मग जमिनीचा तोल साधायचा, म्हणजे रिकाम्या मातीवर कॉइल वरखाली करून यंत्राला सांगायचे, ‘ही नुसती माती आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नको.’ आणि मग परसातल्या चौकोनात दोन, चार आणि सहा इंचांवर पुरलेल्या खुणेच्या नाण्यांवरून फिरायचे. हवेतला आकडा आणि मातीतला आकडा यांत फरक पडतो. खोली वाढते तसा आकडा चळू लागतो, कारण वस्तूचा आवाज क्षीण होतो आणि मातीचा आवाज त्यात मिसळतो. काही यंत्रांत स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा बटणखिळा असतो. त्याने ओळखीच्या नाण्याचा आकडा पूर्वीच्या जागी आणता येतो. ती सोय नसेल तर यंत्र आहे तसे ठेवायचे आणि तक्ता नवा लिहायचा. नानांच्या वहीत एकेका कॉइलचे वेगळे पान होते.

हे पाहताना मला बँकेचे सराफ आठवले. सोनेतारण कर्जाच्या दिवशी ते यायचे, पिशवीतून काळा कसोटीचा दगड काढायचे. दागिना दगडावर घासला की पिवळी रेघ उमटे. मी अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा मला वाटे, की जाणत्याला त्या रेघेवरूनच कस कळत असणार. प्रत्यक्षात ते शेजारी दुसरी रेघ ओढत, ज्याचा कस पक्का ठाऊक आहे अशा सोन्याची. मग दोन्हींवर आम्लाचा थेंब. दगड कोणताही असो, आम्ल नवे असो की जुने, खोलीत उजेड कमी असो की जास्त. दोन्ही रेघांना ते सारखेच लागू. अनोळखी वस्तूची पारख करायची तर शेजारी ओळखीची वस्तू हवी, आणि दोघींची परीक्षा एकाच दगडावर हवी. नानांची नाणी आणि सराफांची ती दुसरी रेघ यांच्यात मला तरी काही अंतर दिसले नाही.

या विद्येच्या जन्मकाळीच तिने एक दारुण धडा दिला आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आला. डेव्हिड ह्यूज या शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवलेल्या दोन वेटोळ्यांच्या तोलाच्या युक्तीवर त्याने गोळी शोधण्याचे यंत्र तयार केले. बेल काही उतावळा माणूस नव्हता. यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर त्याने यंत्र आधी लावून पाहिले, आणि ते बरोबर बोलले. अध्यक्षांच्या खाटेपाशी मात्र १ ऑगस्टला एका जागी नेमका आवाज येण्याऐवजी मोठ्या भागावर नुसते पुसटसे गुणगुणणे ऐकू आले. मागाहून उलगडा झाला, की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती! शिवाय प्रमुख डॉक्टर ब्लिस यांना गोळी उजवीकडे असल्याची खात्री होती, म्हणून शोध उजव्या बाजूलाच झाला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी पाठीच्या कण्याच्या डावीकडे सापडली. खरे तर डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया घालून केलेल्या जखमेच्या तपासण्यांनीच त्यांचा घात केला, असे आजचे जाणकार मानतात. गोळी सापडली असती तरी ते वाचतेच असे नाही. पण यंत्रापुरते बोलायचे तर ते खोटे बोलत नव्हते. त्याची परीक्षा एका गादीवर झाली होती आणि उपयोग दुसऱ्या गादीवर. पासंग बदलला होता, आणि रिकामा तराजू धरून पाहायला तिथे कोणाला सवड नव्हती.

असे वाटेल की ही राष्ट्राध्यक्षांची आणि शास्त्रज्ञांची गोष्ट, आपल्यासारख्यांचा काय संबंध? त्याच ऑगस्टमध्ये तिथल्या महाराष्ट्र मंडळाची सहल तलावाकाठच्या एका उद्यानात होती. बटाटेवडे झाले, रस्सीखेच झाली, संध्याकाळी आवराआवर करताना सोलापूरहून मुलाकडे आलेल्या एका काकूंचा हात गळ्याकडे गेला आणि त्या मटकन खाली बसल्या. मंगळसूत्र नव्हते. ‘तुटले’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ‘वाढले वाटते कुठेतरी,’ एवढेच म्हणाल्या. त्यांचे यजमान सोलापुरात होते, हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याची वाट पाहत. सोन्याची किंमत हा तिथे प्रश्नच नव्हता, हे प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर लिहिलेले दिसत होते. अंधार पडेपर्यंत सगळे गवत चाचपत राहिले.

रात्री लेक म्हणाली, ‘बाबा, तुमच्या नानांना विचारू या का?’ नानांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की अगदी तसाच दुसरा दागिना कोणाकडे आहे का? तो त्यांना जमिनीवर ठेवून पाहायचा होता. मी हा प्रश्न मराठीत सांगितला तेव्हा खोलीत शांतता पसरली. दुसरा दागिना म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातला. थोड्या वेळाने साताऱ्याकडच्या एक वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, दोऱ्याला हळद लावून तो गळ्यात बांधला आणि आपले मंगळसूत्र रुमालात गुंडाळून माझ्या लेकीच्या हातात दिले. ‘मी येते बरोबर,’ म्हणाल्या, ‘पण त्यांना हवे तेवढा वेळ ठेवू देत.’

सकाळी उद्यानाच्या कचेरीतून परवानगी घेऊन नानांनी एक रिकामा तुकडा निवडला, तो रिकामाच असल्याची खात्री केली आणि सहलीतल्या कागदी ताटलीवर ते मंगळसूत्र ठेवले. दहा इंची कॉइलखाली आकडा भरकटत होता. मंगळसूत्र म्हणजे काही अंगठी नव्हे. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या आणि मण्यांमधून गेलेली बारीक तार, प्रवाहाला सलग फिरायला जागाच नाही. नानांनी सहा इंची कॉइल लावली, ओळखीचे पाच सेंटचे नाणे आधी तपासले, ते नेहमीपेक्षा दोन घरे खाली आल्याचे वहीत लिहिले, मग मंगळसूत्र तीन तऱ्हांनी ठेवून पाहिले. गोळा करून, लांब पसरून, आणि फासा उघडून. लहान कॉइलवर आकडा चार घरांच्या पट्टीत स्थिर राहिला. नानांनी वही माझ्यापुढे धरली. त्यांच्या नेहमीच्या कॉइलच्या जुन्या तक्त्यात त्या आकड्यांसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: ‘वर्ख. खणू नये.’

दोन सकाळी आम्ही दोरी आखून पट्ट्यापट्ट्यांनी ती जागा विंचरली. त्या पट्टीत बसणारा प्रत्येक आवाज नाना थांबून पाहत. वर्खाचे तुकडे, कड्यांचे शेपूट, एका लहान मुलाच्या बुटाची टिकली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, रस्सीखेचीच्या दोरीचे टोक जिथे ओढले गेले होते तिथल्या दाट गवतात, ते मिळाले. खणावे लागलेच नाही. काळे मणी सावलीत अगदी दिसेनासे झाले होते आणि फाशाची कडी उघडली होती. काकूंनी ते हातात घेतले, डोळ्यांना लावले, पण बोलल्या काही नाहीत. सोलापूरला त्यांनी काही कळवले नव्हते. आता कळवण्याची गरज उरली नव्हती. वहिनींनी आपले मंगळसूत्र तिथेच, झाडाखाली उभे राहून पुन्हा गळ्यात घातले आणि हळदीचा दोरा सोडून पर्समध्ये ठेवला.

कोणी म्हणेल, नशीब होते म्हणून सापडले. असेलही. पण त्या गवतावरून जुन्या तक्त्याच्या भरवशावर चाललेला माणूस, त्याच यंत्रासह, मंगळसूत्रावरून पुढे निघून गेला असता आणि ‘इथे काही नाही’ असे प्रामाणिकपणे सांगता झाला असता, याविषयी मला शंका नाही. जिथे चूक परवडतच नाही, तिथले लोक म्हणूनच आकड्याच्या नादी लागत नाहीत. भूसुरुंग काढणारे जवान आणि स्वयंसेवक कामाला लागण्यापूर्वी ओळखीच्या नमुन्यावर यंत्र तपासतात. आणि मैदानात गेल्यावर ‘हा खिळा असावा’ असे म्हणून एकही आवाज सोडत नाहीत. प्रत्येक आवाजाशी थांबतात.

आपल्याकडे या यंत्रांचा विचार करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली मातीची. मिशिगनच्या मातीवर लिहिलेला तक्ता दख्खनच्या पठारावर चालणार नाही. आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकाची लेक. तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण भरपूर. कोकणातला जांभाही लोहाने लालबुंद. अशा जमिनीत माती स्वतःच मोठ्याने बोलते आणि खोलवरच्या वस्तूचा आकडा हवा तसा ओढते. दुसरी गोष्ट माणसांची. ‘अस्सल सोने दाखवणारे यंत्र’ म्हणून गावोगाव काहीबाही विकले जाते, आणि गुप्तधनाच्या नादाने घरेच्या घरे बुडतात. कडी आणि अंगठी यांना एकच आकडा देणारे यंत्र सोने ओळखील कसे? गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये १९९२ साली सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी लागली. त्यांनी थोडे वर येताच खणणे थांबवले आणि कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जसाच्या तसा अभ्यासता आला. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परत आल्यावर लेकीने मला रक्तदाब मोजण्याचे यंत्र भेट दिले. त्याच्या माहितीपत्रकात दंडावर बांधायच्या पट्ट्याची मापे दिलेली आहेत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो, हे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. म्हणजे पट्टा ही त्या यंत्राची कॉइलच. आमच्या घरात आता ते यंत्र वर्षातून एकदा दवाखान्यात जाते. डॉक्टरांच्या यंत्राशेजारी बसते, दोन्ही आकडे वहीत लिहिले जातात. सौ. म्हणते, बँकेची सवय काही सुटत नाही. सुटू नये, असे मला वाटते. घरोघरी आता साखर मोजणारी, ताप मोजणारी, वजन सांगणारी, पावले मोजणारी यंत्रे आहेत आणि प्रत्येकाच्या काचेवर एक ठाम आकडा आहे. तो आकडा पाहून घाबरण्यापूर्वी, किंवा निश्चिंत होण्यापूर्वी, जुन्या गिऱ्हाइकाचे ते तीन शब्द एकदा म्हणून पाहावेत: आधी रिकामा धरा.